थोरलीचं लाकूड

आपल्याला दोन मुली आहेत, असं बाबा लोकांना सांगायचे. धाकटी मी. थोरली म्हणजे आमची फत्तेमारी, दोन डोलकाठ्यांचं सागवानी मालवाहू गलबत. मागल्या शतकात पणजोबांनी ती बांधून घेतली होती. तिच्या कपाळावर देवीचं नाव कोरलेलं होतं, पण घरात ते कुणी घेत नसे. "थोरली कुठवर आली?", "थोरलीला यंदा तेल कमी पडलं", असंच बोलणं. आई मी शाळेत असतानाच गेली आणि मला भाऊ नव्हता. त्यामुळे त्या घरात माझ्याबद्दल जेवढं बोललं जाई त्याच्या कितीतरी पट थोरलीबद्दल बोललं जाई.

तिच्या गोष्टी बाबा मला जेवताना सांगत. ती पहिल्यांदा पाण्यात उतरली त्या दिवसाची गोष्ट त्यांची सर्वांत आवडती. खाडीकाठच्या उतारावर ओंडके अंथरून त्यांच्यावरून तिला ओढत होते. अख्खं गाव दोराला लागलेलं. मध्येच एक मजूर घसरला आणि ओंडक्याखाली सापडला. लोक ओरडायला लागले. पणजोबांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांबू नका, मुहूर्त टळेल." थोरली त्याच्या अंगावरून पाण्यात गेली. "पहिल्याच दिवशी बळी घेऊन उतरली," बाबा म्हणायचे, "म्हणून इतकी वर्षं टिकली."

दुसरी गोष्ट आजोबांच्या वेळची. कौलं भरून येताना वादळ झालं. थोरलीच्या मागं दोराला बांधलेली होडी होती आणि तिच्यात दोन खलाशी पाणी उपसत होते. होडी थोरलीला मागं खेचायला लागली तेव्हा आजोबांनी स्वतः कोयत्यानं दोर तोडला. "एक कौल फुटलं नाही गो," बाबा सांगत. मी आ वासून ऐकायची आणि तेवढ्यात घास तोंडात जायचा. त्या दोघांचं पुढं काय झालं, हे त्या गोष्टीत नव्हतं.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहून थोरली निघायची. मीठ, सुकं खोबरं, कौलं, भात. आजोबांच्या काळात बसऱ्याहून खजूरसुद्धा. पावसाळ्याआधी परत येऊन खाडीच्या चिखलात माडाच्या झापांच्या छपराखाली निजायची. मग रस्ते झाले, पूल झाले, माल ट्रकनं जायला लागला. पाण्यातनं जाणारा उरलासुरला माल इंजिनवाल्या लाँचनी उचलला. खलाशी मिळेनात. माझं लग्न झालं त्या साली थोरली झापांखालून बाहेर निघालीच नाही.

माझं सासर नाशिकला. सासऱ्यांचे आजोबा मूळचे आमच्याच किनाऱ्यावरचे, लाकडाच्या धंद्यापायी घाट चढून गेले आणि तिकडचेच झाले. द्वारकेजवळ त्यांची लाकडाची वखार होती, पुढं आरा मशीन, मागं राहतं घर. मला पाहायला आले तेव्हा सासरे अंगणात उभे राहून थोरलीकडेच जास्त बघत होते. ते मला तेव्हा बरं वाटलं होतं. गलबताची कदर असलेला माणूस आहे, असं वाटलं.

सासरे कधी आवाज चढवत नसत. गोरे, नीटनेटके, पांढरं धोतर, हातात पानाची डबी. काहीही बोलायचं ते हसून. मी पहिल्यांदा भात केला आणि मीठ जास्त पडलं तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाईंनी माहेरचं पाणी आणलेलं दिसतंय सोबत." सगळे हसले. त्यानंतर कित्येक वर्षं त्या घरात जेवायला बसण्याआधी कुणीतरी विचारायचंच, आज भात गोड्या पाण्यातला आहे का खाऱ्या. यजमान खाली मान घालून जेवत. ते वाईट नव्हते. वडिलांच्या पुढ्यात ते कुणीच नव्हते, एवढंच.

मूल होईना. एक वर्ष, दोन वर्षं, मग आणखी. सासूबाई आधी उपास सांगत होत्या, मग त्र्यंबकला जाऊन विधी करून झाले, मग त्या मला शेजारच्या बारशांना नेईनाशा झाल्या. एकदा ओटी भरायच्या वेळी मी आपली सवयीनं तबक उचलून पुढं झाले, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून मोलकरणीच्या हातात दिलं. त्या मोलकरणीला पाच मुलं होती.

त्याच सुमाराला सासऱ्यांनी बाबांना भेटायला जायचं काढलं. कॉलेज रोडकडं, गंगापूर रोडकडं नवे बंगले उठत होते आणि डॉक्टर-वकील मंडळींना जुना, मुरलेला साग हवा असायचा. नव्या सागाला त्यांच्या मते दम नव्हता. सासरे यजमानांना घेऊन किनाऱ्यावर गेले. तिथं काय बोलणं झालं ते यजमानांनी मला परत आल्यावर सांगितलं. हे सांगताना ते शर्टाच्या गुंड्या काढत होते आणि माझ्याकडं पाहत नव्हते.

सासरे ओसरीवर बसून म्हणाले होते, "व्याहीबुवा, तुमच्या दोन लेकी. धाकटी आमच्याकडं आहे. तिचं काही उजवेना. घरातल्या बायका म्हणतात, परत पाठवा. मी म्हणतो, कशाला? चांगल्या घरची पोर आहे. पण माझ्या शब्दालाही काहीतरी आधार पाहिजे. थोरली नुसती चिखलात कुजतेय. तिलाही धाडा आमच्याकडं. दोघी बहिणी एका ठिकाणी राहतील."

"मग बाबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. आत जाऊन पाणी पिऊन आले. आणि म्हणाले, न्या."

दिवाळीनंतर तिकडं थोरली मोडायला घेतली. थंडी पडल्यावर पहिला ट्रक वखारीत आला. ड्रायव्हरशेजारी बाबा बसले होते. सासऱ्यांनीच त्यांना बोलावलं होतं, कारण थोरलीच्या अंगात जागोजाग हातभर लांबीचे खिळे होते. एक जरी आत राहिला तरी आऱ्याचं पातं तुटणार. कुठल्या फळीत कुठं खिळा आहे, कुठला सांधा कसा सोडवायचा, हे बाबांना माहीत होतं. मी गच्चीतून पाहिलं. ते ट्रकमधून उतरले, धोतर झटकलं आणि आधी मागच्या बाजूला जाऊन लाकूड नीट बांधलेलं आहे का ते पाहिलं. घराकडं त्यांनी नंतर पाहिलं.

आमच्यात रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. पण ती आता कोण पाळत होतं? माझ्या नणंदेच्या सासरी सासरे स्वतः तिला मूल नसताना आठवडाभर राहून जेवून आले होते. बाबा आले त्या दिवशी मी डाळिंबीची उसळ केली होती. पानं मांडत होते तेवढ्यात सासरे स्वयंपाकघराच्या दारात आले.

"एक पान कमी करा, सूनबाई," ते म्हणाले. "व्याहीबुवा रीतीचे पक्के. लेकीची कूस उजवल्याशिवाय ते इथं घास घ्यायचे नाहीत. त्यांना धर्मसंकटात कशाला टाकायचं?"

बाबा बाहेरच्या ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मी बघतो माझं."

त्यांची सोय वखारीतल्या पत्र्याच्या खोलीत केली. "समुद्रावरच्या माणसाला घरात कोंडल्यासारखं होतं," असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नाशिकची ती थंडी. बाबांना थंडी माहीत नव्हती, त्यांच्याकडं स्वेटरसुद्धा नव्हता. स्टोव्हवर भात टाकायचे आणि सुक्या माशाबरोबर खायचे. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी वासाची तक्रार केली आणि तो मासाही बंद झाला.

मला वखारीत जायला एकच निमित्त होतं. आमच्याकडं भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली काढून घ्यायची आणि त्या भोकातून पेटवायचं. रोज सकाळी मी भुसा भरून आणायला जायची. त्या हिवाळ्यात आऱ्याखाली पडणारा भुसा थोरलीचा होता. इतर सागाचा भुसा पिवळसर असतो, तिचा काळपट होता आणि पेटल्यावर माशाच्या तेलाचा वास यायचा. वर्षानुवर्षं तिला तेल पाजलेलं होतं. सासूबाई नाकाला पदर लावायच्या, पण भुसा फुकटचा होता म्हणून वापरायचा थांबवला नाही. मी त्यावर त्या सगळ्यांचा स्वयंपाक केला.

भुसा भरता भरता मी बाबांशी बोलायची. ते खाली बसून पहार घालून खिळे उपटत. शेजारी सुरगाण्याकडचा एक मजूर असायचा, तो एकदा म्हणाला, "बाबा, ह्यो साग लय जुना हाय. आमच्याकडचाच दिसतोय." बाबांनी मान डोलावली. लाकूड डांगातल्या जंगलातून बैलगाड्यांनी किनाऱ्यावर आलं होतं, असं त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं. सासरे मागं उभे होते. "म्हणजे लाकूड मुळात आमच्याच मुलखातलं," ते म्हणाले. "तुम्ही फक्त भिजवून आणलंत, व्याहीबुवा." आणि गेले.

थोरलीच्या बरगड्यांची वाकडी लाकडं कुणालाच नको होती. वाकड्या लाकडातून दार निघत नाही. ती बेकरीच्या भट्टीला गेली. सरळ फळ्या आणि तुळया तेवढ्या साफ करून शेडमध्ये रचल्या. गिऱ्हाइकं यायला लागली. आणि सासऱ्यांना एक युक्ती सुचली. गिऱ्हाईक आलं, की खुर्ची मांडायची, चहा मागवायचा आणि बाबांना हाक मारायची.

"या, व्याहीबुवा. साहेबांना हकीकत सांगा गलबताची. शंभर वर्षांचा इतिहास आहे, साहेब. आणि हे खुद्द मालक."

बाबा हात पुसत यायचे, उभ्यानं सांगायचे. गिऱ्हाइकाच्या हातात चहा, सासऱ्यांच्या हातात चहा. पहिल्या पहिल्या वेळी बाबांना त्यात आनंदच वाटला असावा. इतक्या वर्षांत थोरलीबद्दल विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. ते रंगून सांगत. पणजोबांचा मुहूर्त, तोडलेला दोर, खजुराच्या खेपा, सगळं. त्याच गोष्टी मी लहानपणी ऐकलेल्या, त्याच शब्दांत. पण कुंपणाआड भुसा भरत ऐकताना त्या निराळ्या लागत होत्या. मुहूर्ताच्या गोष्टीत पूर्वी मला पाण्यात शिरणारी थोरली दिसायची. आता ओंडक्याखालचा माणूस दिसायला लागला. आणि गिऱ्हाइकं मान डोलावून म्हणायची, "वा! काय माणसं होती पूर्वीची!"

एका सकाळी एक डॉक्टर आणि त्यांची बायको आली. त्यांना दिवाणखान्यासाठी तुळया हव्या होत्या. सगळ्यांत जाड तुळईला एक लोखंडी कडी होती. मोठी, गंजलेली, लाकडात खोल बसवलेली. ती तेवढी बाबांनी काढली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिला हात लावला.

"ही कशाला हो? दोर बांधायला?"

"माणूस बांधायला," बाबा म्हणाले.

बाई हसल्या. त्यांना थट्टा वाटली.

"खलाशी पहाऱ्यावर झोपला, पाणी चोरलं, उलटून बोलला, तर इथं बांधायचा," बाबा सांगायला लागले. मगाच्या गोष्टी सांगितल्या त्याच आवाजात. "आजोबांनी बसवून घेतली ही. उभं राहता येत नाही, बसताही येत नाही, अशा उंचीवर."

"आणि मग सोडायचे ना?" बाईंनी विचारलं.

"सोडायचेच. सगळे सुटले. एक तेवढा सोडायच्या आधी गेला."

"गेला म्हणजे?"

"मेला. माझ्याच हाताखालचा होता. वारा पडलेला, थोरली जागची हलेना, ऊन असं. पिण्याच्या पाण्याचं पिंप तळाला गेलेलं. ह्यानं चोरून तोंड लावलं. त्याला सोडला असता तर बाकीच्यांनी पिंप फोडलं असतं. मग समुद्रात दिला. तरुण होता तसा."

आरा चालू होता, तेवढाच आवाज. माझ्या हातात भुशाची पाटी होती आणि मला एकदम आमचं मागलं दार आठवलं. दर वर्षी थोरली परत आली, की एक बाई तिथं येऊन उभी राहायची. काही मागायची नाही. आई तिला सुपातून तांदूळ घालायची आणि आत येऊन पदरानं हात पुसत बसायची. मी विचारलं, की म्हणायची, "आहे कुणीतरी."

डॉक्टरीणबाई उठल्या. "मला हे लाकूड घरात नको," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एकही फळी नको." आणि गाडीत जाऊन बसल्या. डॉक्टर ओशाळून दोन शब्द बोलले आणि गेले.

सासरे बराच वेळ पानाची डबी उघडझाप करत राहिले. मग हसले. "व्याहीबुवा, मी उगाच तुम्हाला भोळे समजत होतो. आपण तर एकाच शाळेतले."

मला वाटलं, बाबा काहीतरी बोलतील. ते खाली बसले आणि पुढच्या फळीतला खिळा शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं. "मागल्या दारी यायची ती त्याचीच बायको ना?"

"आई त्याची," बाबा म्हणाले. "तुझ्या आईनं तिला सवय लावली. मी कधी ये म्हटलं नव्हतं."

"बाबा, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

त्यांनी पहार खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. "वाटलं ना. वारा पडला त्याचं वाटलं." मग पहार पुन्हा उचलून म्हणाले, "जा आता, तुझी सासू बघतेय."

शेवटी राहिला थोरलीचा तळाचा कणा. सबंध गलबत ज्याच्यावर उभं राहतं तो एकसंध सोट. तो आऱ्यावर चढेना इतका लांब होता. आधी हातकरवतीनं त्याचे तुकडे करावे लागणार होते. दोन माणसांची करवत, एक या टोकाला, एक त्या टोकाला. सासरे खुर्ची टाकून बसले. दोन्ही करवत्ये तिथंच बिड्या ओढत होते.

"व्याहीबुवा," सासरे म्हणाले, "आमचा एक माणूस आज जरा आजारी आहे. एक टोक धरता का? तुमचंच लाकूड आहे, हात ओळखीचा लागेल."

बिडी ओढणाऱ्यांपैकी एकजण चपापून उठायला लागला. सासऱ्यांनी त्याला नुसत्या बोटानं खाली बसवलं. यजमान हिशेबाच्या टेबलाशी होते. ते उठून आत गेले.

बाबांनी टोक धरलं. मी कुंपणापाशी उभी होते. मला वाटतं ते सांगायचं तर, मी त्या वेळी दोन गोष्टी एकदम इच्छिल्या. त्यांनी करवत फेकून द्यावी आणि मला घेऊन तिथून निघावं, ही एक. आणि दुसरी, त्यांच्या हाताला फोड यावेत. ते सबंध दिवसभर ओढत होते. समोरचा करवत्या अर्ध्या वयाचा होता, तो थांबायचा, पाणी प्यायचा; बाबा थांबले की सासरे विचारायचे, "दमलात?" आणि ते पुन्हा सुरू करायचे. संध्याकाळी कणा दुभंगला. दोन्ही टोकं जमिनीवर पडली. बाबांना करवतीची मूठ सोडता येईना, बोटं वळलेलीच राहिली. त्या सुरगाण्याच्या मजुरानं ती एकेक करून उघडली.

दोन दिवसांनी ते गेले. पाया पडायला मला वखारीत जाऊ दिलं. त्यांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवला तो चिंध्यांनी बांधलेला होता. "आता नीट राहा," ते म्हणाले. "हे सगळं तुझ्यासाठी झालंय." यजमान त्यांना स्कूटरवरून नाशिक रोडला सोडून आले.

त्यानंतर वर्षही गेलं नाही. यजमानांसाठी दुसरी मुलगी पाहायला सुरुवात झाली. पिंपळगावकडची, द्राक्षबागाईतदाराची. ते मला सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. "तुला कोण घालवतंय? राहा की. दोघी मिळून कराल."

मी सासऱ्यांकडं गेले. त्यांच्याशी समोरासमोर बोलायची माझी ती पहिलीच वेळ. "मामंजी, तुम्ही बाबांना शब्द दिला होता."

"दिला ना," ते म्हणाले. "परत पाठवणार नाही, असा दिला. कुठं पाठवतोय? तू इथंच राहायचंस, सूनबाई. अगदी मरेपर्यंत."

मी एका पिशवीत दोन लुगडी भरली आणि माहेरी गेले. इगतपुरीला गाडी घाट उतरायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा नीट श्वास आला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. बाबा अंगणात होते. खाडीकाठी थोरलीच्या जागी चिखलात लांबट खळगा राहिला होता आणि त्यात पाणी साचलं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझी पिशवी ओसरीच्या खालच्या पायरीवर होती, ती त्यांनी वर घेतली नाही.

"नवरा करू दे दुसरी," ते म्हणाले. "तू परत जा."

"बाबा, मला तिथं—"

"थोरली कशासाठी दिली मी? तू तिथं नांदावीस म्हणून. तूच परत आलीस तर ती फुकट गेली."

"मी तिच्यापेक्षा..."

त्यांनी वाक्य पुरं होण्याची वाट पाहिली नाही. "अर्ध्यातून माघारी वळणारं गलबत मी कधी चालवलं नाही," ते म्हणाले. "आज नीज. सकाळची एसटी आहे."

सकाळी ते स्वतः मला स्टँडवर घेऊन आले. खिडकीजवळची जागा धरून दिली. कंडक्टरला सांगितलं, "हिला मध्ये कुठं उतरू देऊ नका." मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

मी द्वारकेला उतरले. तिथून वखार दिसत नाही, पण आरा ऐकू येतो. मी चौकात उभी राहिले. ट्रक, टांगे, हमाल, कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. आऱ्याचा आवाज येत होता तिकडं पाय उचलेना. मग मी उलट्या दिशेला चालायला लागले.

एक शिक्षिका आमच्या वखारीत भुसा न्यायला यायच्या. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या, बौद्ध वस्तीत एका खोलीत एकट्या राहायच्या. कुंपणापाशी आमचं थोडं बोलणं व्हायचं, एवढीच ओळख. मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"बरं. पिशवी त्या खुंटीला अडकव. पोळ्या येतात ना चांगल्या? मला येत नाहीत."

माझ्या सासरच्यांना हवं होतं ते आयतं मिळालं. सून कुणाच्या घरात जाऊन राहिली ते त्यांनी दोन्हीकडच्या नातेवाइकांत पोचवलं. मला वांझ म्हणणाऱ्यांना आता आणखी एक शब्द सापडला, तो मी लिहिणार नाही. बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी खाडीवर जाऊन माझ्या नावानं आंघोळ केली आणि गावाला सांगितलं, की धाकटी वारली. हे मला गावच्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं. तो मला बघून दचकला होता.

काम मला द्वारकेलाच मिळालं. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं, एका मालेगावच्या चाचांचं. बाईमाणसाला ते काम देत नसत. मी त्यांच्या हातातून जाड सुई घेतली आणि उभ्या उभ्या एक शिवण घालून दाखवली. शिडाचं कापड शिवायला मी दहाव्या वर्षी शिकले होते. चाचांनी शिवण ताणून पाहिली. "बैठो," म्हणाले. पुढची बरीच वर्षं मी तिथंच बसले.

बाबा गेल्याचं त्याच ड्रायव्हरनं सांगितलं. जाऊन महिना झाला होता. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "जाऊन ये." मी गेले नाही. नळाखाली बसून आंघोळ केली. बाबांनी माझी केली होती, मी त्यांची केली. मग कामावर गेले.

सन ऐंशीच्या पुढची गोष्ट. दुकानात एक बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, भारी लुगडं, डोक्यावर पदर. ताडपत्री घ्यायला आलेली नव्हती ते दिसत होतं. बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "ताई, मी वखारीतली." तेव्हा मला कळलं. तिच्या दंडावर, पदर सरकला तिथं, हिरवंनिळं झालेलं होतं. माझ्या वेळी हात कुणी उगारत नव्हतं. तेवढा फरक पडला होता.

मी तिला चहा मागवला. तिलाही मूल नव्हतं.

"मामंजी काय म्हणतात माहितीय?" ती कपाकडं बघत म्हणाली. "म्हणतात, हिच्यापेक्षा ती पहिली बरी. तिच्याबरोबर गलबत तरी आलं."

मला हसू आलं. इतकं मोठ्यानं, की चाचांनी मशीन थांबवून पाहिलं. तीही हसायला लागली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिनं तो पदरात घातला.

"माहेरी विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, भावाचं लग्न होऊ दे आधी."

मी तिला सांगितलं, की शिक्षिकाबाई मागल्या साली नोकरी बदलून मनमाडला गेल्या आणि खोली आता माझ्याकडं आहे. एका भिंतीला ओल आहे, पण दोघी मावू. काम चाचांना विचारते. ती ऐकत होती. खोली कुठल्या गल्लीत, पाणी किती वाजता येतं, शेजार कसा आहे, सगळं विचारलं. चहा पुरा प्यायली. "उद्या येते," म्हणाली. "कपडे घेऊन."

मी संध्याकाळी दुसरी चटई विकत आणली.

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. संक्रांतीच्या आधी मी मेन रोडला बांगड्यांच्या दुकानापाशी तिला पाहिलं. सासूबाईंच्या मागं चालत होती, दोन्ही हातांत पिशव्या. तिनं मला पाहिलं. एक पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मान वळवली आणि सासूबाईंच्या पावलावर पाऊल ठेवून पुढं गेली. मला हाक मारावीशी वाटली. पण त्या दिवशी चहा पिताना मी तिला नाव विचारलं नव्हतं.